वळणात राहिलेले बाराशे मीटर

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले असतील. पहाटे साडेपाचला ओट्यावरची सायकल खाली उतरवताना हँडलला हात लावला आणि बोटे आपोआप मागे आली. हिवाळा आल्याची खूण मी हीच धरतो. कुणाला तो तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्यात दिसतो, कुणाला शेकोटीच्या धुरात. माझ्याकडे तो धातूतून येतो. एकाच हवेत राहिलेले लाकूड आणि धातू यांचे तापमान सारखेच असते, तरीही धातू अधिक गार लागतो, कारण तो आपल्या हातातली उष्णता लवकर ओढून घेतो. सातवीच्या वर्गाला हे समजावून झाले की शेवटी मी फळ्यावर एक वाक्य लिहितो आणि त्याखाली पट्टी धरून रेघ ओढतो : स्पर्शावर विसंबू नका, मोजा.

जवळजवळ तीस वर्षे मी हे वाक्य लिहीत आलो आहे. यंदा ते लिहिताना खडू मध्येच थांबला. मुलांना वाटले, सरांना पुढचा शब्द आठवेना. मला तो आठवत होता.

आमचे गाव केदारखेड्याच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत आहे. शाळेच्या फाटकासमोर किलोमीटरचा एक दगड आहे. तिथून, जिथे भोकरदनची बस मिळते त्या फाट्यापर्यंत दगडांच्या आकड्यांनुसार दहा किलोमीटर होतात. जाऊन येऊन वीस. गेल्या हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा मी या दगडाशी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून उभा राहत असे, आणि आम्रपाली नावाची सतरा वर्षांची मुलगी धुक्यात दिसेनाशी होऊन पुन्हा धुक्यातून उगवत असे. मी तिला वेळ सांगत असे. तिने त्या वेळांवर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासावर नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची हाती आलेली जागा सोडली. त्या वेळा चुकीच्या होत्या. हा लेख त्या हिवाळ्याविषयी आहे.

ती माझी विद्यार्थिनी. पाचवीपासून दहावीपर्यंत तिने माझ्याकडे गणित शिकले. बारावीला भोकरदनला जायची तेव्हा बसचा पास असूनही ती सायकलने जायची. बस वेळेवर येत नाही म्हणून, असे सांगायची. खरे कारण निराळे होते. तिला चढ आवडायचा. नदीच्या पुलानंतरचा चढ मुले उतरून सायकल हातात धरून चढतात, आणि ही त्यांच्या शेजारून बसून निघून जायची. एकदा मी माझ्या डोंगरी सायकलवर तिच्या मागे होतो. माझ्या सायकलीला एकवीस गियर, तिच्या सायकलीला एकही नाही, आणि तरी आमच्यातले अंतर वाढत होते. वर पोचून ती थांबली आणि मला धापा टाकत येताना पाहून म्हणाली, ‘‘सर, तुमच्या सायकलीला एवढे गियर हायेत, मंग त्यातला चालू कोणताय?’’

त्या एका थट्टेतून तो सगळा हिवाळा सुरू झाला. राज्य पातळीवरच्या एका क्रीडा वसतिगृहासाठी मुलींची निवड जानेवारीत व्हायची होती. वीस किलोमीटर एकटीने मारायचे, छत्तीस मिनिटांच्या आत. निवड झाली तर राहणे, जेवण, शिक्षण आणि शिकवणारे प्रशिक्षक, सगळे मिळणार होते. वयाची अट पाहता तिला ही एकच संधी होती. माझा एक जुना विद्यार्थी संभाजीनगरला सायकली चालवतो. त्याने त्याची जुनी रोड बाईक निवडीपर्यंत वापरायला दिली. बारीक टायरची, वाकलेल्या हँडलची ती सायकल गावात आली तेव्हा आम्रपालीची आई तिच्या चाकावर बोट टेकवून म्हणाली होती की एवढ्या बारीक चाकावर तर सुपारीसुद्धा बसणार नाही.

सरावाची आखणी मी केली. आखणी करणे मला येते. सोमवारी आणि गुरुवारी माझ्या डोंगरी सायकलवर शेतरस्त्याने, जाड टायरने, चिखल वाळून झालेल्या चाकोऱ्यांतून. कारण जड सायकल पाय घडवते. बुधवारी आणि शनिवारी रोड बाईकवर, वेळ लावून. रविवारी सुट्टी. मंगळवारी आणि शुक्रवारी सावकाश लांबचा पल्ला, तो दोघांनी मिळून. ती तिच्या बिनगियरच्या सायकलवर, मी माझ्या. दोनशे पानी वहीत मी रकाने आखले : तारीख, तापमान, वारा, टायरमधली हवा, वेळ, शेरा. थंड सकाळी टायरमधली हवा आकसते आणि दाब कमी भरतो, म्हणून निघण्यापूर्वी चाक अंगठ्याने दाबून बघायचे, हे मी तिला पहिल्या दिवशी शिकवले. थंड हवा दाट असते, ती अंगावर जास्त अडते, म्हणून हिवाळ्यातली वेळ उन्हाळ्यातल्या वेळेपेक्षा काही सेकंदांनी जास्त भरते, हेही शिकवले. ‘‘म्हणजे इथे जमले तर कुठेही जमेल,’’ असे मी तिला म्हणालो होतो. सेकंदासेकंदाची वजाबाकी मी करत होतो.

त्या सकाळी आठवतात त्या अंगाला आठवतात. धुके असे की पुढच्या दगडाचा रंगीत माथा हाताच्या अंतरावर आल्याशिवाय दिसू नये. कापसाच्या शेतांत उरलीसुरली बोंडे ओली होऊन लोंबत असत. नदीवर हवा एकदम बदलायची. पुलाच्या अलीकडे गार आणि पुलावर बोचरी, जणू कुणी ओले फडके चेहऱ्यावर दाबावे. तिच्याकडे हातमोजे नव्हते, तिने आईचे जुने पायमोजे बोटांच्या जागी भोके पाडून हातांत घातले होते. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवायची युक्ती मी सांगितली. कागद वारा अडवतो आणि घाम शोषतो. परत आली की ती घडी काढून ओट्यावर वाळत घालायची आणि तिच्यावरच्या शाईचा पुसट ठसा तिच्या बनियनवर उलटा उमटलेला असायचा. ‘‘आज छातीवर बाजारभाव उठून राह्यले सर,’’ ती म्हणायची. ‘‘मोसंबी उतरली.’’

उसाच्या ट्रॉल्यांची मला भीती वाटायची. त्यांना मागे दिवा नसतो, आणि धुक्यात उसाचा पसारा दिसतो तोवर उशीर झालेला असतो. म्हणून अन्वरभाईंना सांगून ठेवले होते. अन्वरभाई आमच्या भागातले दूध गोळा करून छोट्या टेम्पोने भोकरदनला नेतात. बुधवारी आणि शनिवारी ते आपली फेरी अशी बसवत की शाळेपासून फाट्यापर्यंत टेम्पोचे दिवे तिच्या पाठीमागे राहावेत. परतीच्या वाटेपर्यंत उजाडलेले असे. त्यांनी गावभर सांगितले होते की दूध नासले तरी चालेल, पण या पोरीला मी ओव्हरटेक करणार नाही. आणि मग हळूच पुस्ती जोडायचे, ‘‘करता येत न्हाई, ही गोष्ट येगळी.’’

वेळा उतरत गेल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकोणचाळीस मिनिटे होती. मग अडतीस, सदतीस. नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी ती दगडाशी आली तेव्हा काट्यावर पस्तीस मिनिटे वीस सेकंद होते. मी काटा दोनदा पाहिला. तिला सांगितले तर तिचा विश्वास बसेना. ती सायकलच्या दांडीवर कपाळ टेकवून बराच वेळ तशीच उभी राहिली, आणि तिच्या पाठीतून वाफ निघत होती. माणसाच्या पाठीतून निघणारी वाफ इतकी स्वच्छ मी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात नर्सिंगच्या प्रवेशाची शेवटची फेरी लागली आणि तिचे नाव यादीत आले. अर्ज मीच भरून दिला होता. जागा संभाजीनगरची, पाच दिवसांत हजर व्हायचे. हजर झाले तर निवडीचा सराव संपला; न झाले तर जागा पुढच्या मुलीला. संध्याकाळी ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. मिलिंदराव जिनिंगमध्ये काम करतात. हंगाम असल्यामुळे त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू तसेच होते. ‘जयभीम सर’ म्हणून ते खुर्चीच्या कडेवर बसले. बराच वेळ ते हवापाण्याचे बोलले, थंडी पडून राह्यली म्हणाले. माझ्या पत्नीने चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून संपवला. मग आम्रपालीनेच विचारले.

‘‘सर, खरं सांगा. जमंल का?’’

मी वही उघडली. हे मला फार स्पष्ट आठवते, की मी तिच्याकडे पाहण्याऐवजी वही उघडली. रकान्यावरून बोट खाली आणत शेवटच्या आकड्यावर ठेवले आणि म्हणालो, ‘‘छत्तीसच्या आत चाळीस सेकंद आहेत. अजून दोन महिने आहेत. माझे मत विचारू नकोस, आकडा काय म्हणतो ते बघ. आकडा म्हणतो, जमेल.’’

मिलिंदराव उठले. ‘‘तुमचा हिसाब हाय, म्हंजे बराबरच आसंल,’’ ते म्हणाले. त्या वाक्यात विश्वास होता की केवळ रीत, हे मी तेव्हा तपासले नाही. पाच दिवस गेले. जागा गेली.

डिसेंबरात एकदा चहाच्या टपरीवर अन्वरभाईंनी मला बाजूला घेतले. त्यांना काहीतरी सांगायचे होते आणि सांगावे की नाही हे ठरत नव्हते. शेवटी म्हणाले, ‘‘सर, बुरा मानू नका. शाळेपासून फाट्यापर्यंत आपलं मीटर साडेनऊच्या आतच दाखवतंय. रोज पाहून राह्यलो मी.’’ आम्रपाली जवळच उभी होती. ती माझ्याकडे पाहू लागली.

मी हसलो. मास्तर जसे हसतात तसे. चूक शोधल्याबद्दल मुलाची पाठ थोपटावी आणि चूक मात्र त्याचीच आहे हे दाखवून द्यावे, असे. मी सांगितले की गाडीचे मीटर चाकाच्या फेऱ्या मोजते, अंतर मोजत नाही. तुमच्या टेम्पोचे टायर झिजून गुळगुळीत झालेत. टायर झिजले की चाकाचा परीघ बदलतो आणि मीटर चुकते. दगड सरकारी मोजणीने बसवलेला असतो. अन्वरभाई म्हणाले, असे असेल तर असेल. आम्रपालीने हातातले मोजे ओढून नीट केले.

वाचकांपैकी ज्यांचे गणित पक्के आहे त्यांच्या लक्षात आले असेल. माझ्या लक्षात यायला अडीच महिने लागले. झिजलेले चाक लहान होते. लहान चाकाला तोच रस्ता कापायला जास्त फेऱ्या लागतात. म्हणजे झिजलेल्या टायरचे मीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवते, कमी नाही. अन्वरभाईंचे टायर खरोखर झिजलेले असतील, तर खरे अंतर त्यांच्या मीटरहूनही कमी होते. मी कारण बरोबर दिले आणि त्याची दिशा पाहिली नाही. नववीच्या मुलाने उत्तरपत्रिकेत असे केले असते तर मी एक गुण कापला असता.

निवडीच्या दिवशीचे शहर मोठे होते आणि रस्ता असा गुळगुळीत की आमच्या आडरस्त्यावरून आलेल्या सायकलला त्याचा संकोच वाटावा. आदल्या दिवशी बसच्या टपावर सायकल बांधून आम्ही तिथे पोचलो होतो. मी, ती आणि मिलिंदराव. सकाळ कोरडी, वारा नाही. तिची पाळी अकरावी होती. निघताना तिने खाली वाकून दोन्ही चाके अंगठ्याने दाबली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

ती परत आली तेव्हा हसत होती. हे मला लिहायला हवे. शेवटच्या दोनशे मीटरांत ती वाकलेली, दात आवळलेली होती. पण रेघ ओलांडल्यावर सायकलवरून उतरताना तिचा चेहरा जसा उजळला तसा मी त्या सबंध हिवाळ्यात पाहिला नव्हता. ‘‘सर, आज लय मस्त गेली,’’ ती म्हणाली. ‘‘लय म्हंजे लय.’’ मग तिने माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिले आणि नंतर माझ्या तोंडाकडे. सदतीस मिनिटे एकवीस सेकंद झाले होते.

‘‘काय झालं?’’ मी विचारले. ‘‘पाय भरून आला का? पोटात दुखलं का? मध्ये थांबलीस कुठे?’’

तिचे हसू एकदम गेले नाही. ते चेहऱ्यावर तसेच राहिले आणि त्याच्या आतले काहीतरी निघून गेले. ‘‘काहीच न्हाई झालं सर,’’ ती म्हणाली. ‘‘मी तर बराबर मारली.’’

परतीच्या बसमध्ये मिलिंदराव खिडकीला टेकून झोपले होते. ती जागी होती, मीही जागा होतो. वही मांडीवर घेऊन मी त्या दिवसाचा रकाना भरला. शेऱ्याच्या जागी लिहिले : ‘आज बिघडली. कारण शोधणे.’ शेजारच्या बाकावरून ते तिला वाचता येत होते. मी वही झाकली नाही. झाकण्यासारखे त्यात काही आहे, असे मला वाटलेच नाही.

कारण मी शोधले. ती माझी सवय आहे. प्रवासाचा शीण, परके पाणी, आदल्या दिवशीचे जेवण, मनावरचे दडपण. एकेक कारण घेऊन मी ते तपासत असे. तिच्यात दोष शोधण्याचे माझे काम फेब्रुवारीपर्यंत नीट चालले.

फेब्रुवारीत सातवीचे मोजमापाचे प्रात्यक्षिक असते. सायकलच्या चाकाला रिबीन बांधायची, चाकाचा परीघ मोजायचा, आणि फेऱ्या मोजत मैदानाची लांबी काढायची. दर वर्षी ते मैदानावर होते. त्या वर्षी स्नेहसंमेलनाचा मांडव मैदानात उभा होता, म्हणून मी मुलांना रस्त्यावर नेले : शाळेपासून पुढच्या दगडापर्यंत मोजून आणा, बरोबर हजार मीटर आले पाहिजेत. मुले धावत गेली आणि सातशे साठ घेऊन परत आली. मी म्हणालो, मोजण्यात चूक झाली, परत जा. दुसऱ्यांदाही सातशे साठ आले. तिसऱ्यांदा मी स्वतः गेलो.

रस्त्याच्या मध्यभागी, मोरीवर उभे राहून मी डावीकडे पाहिले, आणि तिथे ते होते. आमचा रस्ता चार वर्षांपूर्वी नवा झाला तेव्हा ओढ्याला वळसा घालून जाणारे जुने वळण टाकून दिले आणि मोरी बांधून रस्ता सरळ काढला. तशीच पुढे आणखी दोन वळणे सरळ झाली. काम करणाऱ्यांनी जुने दगड उपटले, धुतले, रंगवले आणि पूर्वी होते त्याच जागांसमोर पुन्हा रोवले. रस्ता आखडला, आकडे तसेच राहिले. गावातला कुणीही अजून फाटा दहा किलोमीटर आहे असेच सांगतो. त्या नव्या रंगाचे मी वर्गात कौतुक केले होते. अक्षरे कशी एका उंचीची आहेत पाहा, असे म्हणून. नवा रस्ता झाल्यावर शाळेत दोन मिनिटे लवकर पोचतो, हेही मी घरी सांगितले होते. सगळे माहीत होते. नुसते एका रेषेत मांडायचे राहिले होते.

जुने वळण अजून तसेच आहे. डांबर फुटले आहे, कडेने गवत आले आहे, आणि लोक त्यावर सोयाबीन, मका, तूर वाळत घालतात. रोज डोळ्यांसमोर असते. शाळेपासून फाट्यापर्यंत तीन वळणे मिळून सहाशे मीटर कमी झाले होते, जाऊन येऊन बाराशे. तिने त्या हिवाळ्यात एकदाही वीस किलोमीटर मारले नव्हते.

त्या संध्याकाळी वहीतल्या प्रत्येक वेळेसमोर मी खरी वेळ काढली. पस्तीस मिनिटे वीस सेकंदांचे सदतीस मिनिटे पस्तीस सेकंद झाले. म्हणजे नोव्हेंबरात मी बोट ठेवून दाखवलेला तो आकडा छत्तीसच्या आत चाळीस सेकंद नव्हता, दीड मिनिटाहून अधिक बाहेर होता. खरी वेळ समोर असती तर मी तिला स्वच्छ सांगितले असते की यंदा नाही, नर्सिंगला जा. आणि त्यानंतर मी शेवटची ओळ पाहिली. निवडीच्या दिवशी तिने सदतीस एकवीस केले होते. सगळ्या वहीत त्याहून कमी वेळ कुठेही नव्हती. ज्या दिवसासमोर मी ‘बिघडली’ असे लिहिले, तो तिच्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता. तिला ते कळले होते. पाय खोटे सांगत नव्हते. मोजणाऱ्याने तिला समजावले की तिला कळलेले चूक आहे.

स्पर्शावर विसंबू नका, मोजा.

हे मी तिला लगेच सांगायला हवे होते. फेब्रुवारीत सांगितले नाही. परीक्षांचे काम आहे म्हणून मार्चमध्ये सांगितले नाही. माणूस स्वतःची चूक लांबणीवर टाकताना जितका शिस्तशीर असतो तितका दुसऱ्या कुठल्याच कामात नसतो. मग सुट्ट्या लागल्या. पावसाच्या तोंडाशी एका दुपारी दारात तिचा आवाज आला. मी मागच्या खोलीत होतो. पत्नीला खूण केली, आणि तिने माझ्याकडे नापसंतीने पाहिले आणि बाहेर जाऊन सांगितले की सर बाहेर गेलेत. आम्रपालीने निरोप ठेवला नाही. ती का आली होती हे मला पंधरा दिवसांनी कळले. नर्सिंगच्या नव्या प्रवेशाचे अर्ज चालू होते. पहिला अर्ज मी भरला होता, दुसराही मी भरीन असे तिला वाटले होते. मला कळले तोवर मुदत संपली होती. ती तेव्हापासून बियाण्याच्या प्लॉटवर जाते.

आमच्या भागात शेडनेटच्या आत मिरचीचे, टमाट्याचे बियाणे तयार करतात. एका झाडाच्या फुलातले पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला हाताने लावायचे. त्याला क्रॉसिंग म्हणतात. काम नाजूक असते. नजर चांगली आणि हात स्थिर लागतो, म्हणून मुलींना मागणी असते. पहाटे पिकअप येतो, बायका त्यात उभ्या राहून जातात. गावातल्या बायका सांगतात की आम्रपालीचा हात फार चांगला आहे, तिची फुले वाया जात नाहीत. हे कौतुक मी ऐकून घेतो.

तर यंदाचा हा हिवाळा. रोड बाईक केव्हाच परत गेली. मी अजून निघतो, डोंगरी सायकलवर, एकटा. वेळ लावत नाही. गेल्या शनिवारी नव्या रस्त्याने न जाता मी पहिले जुने वळण घेतले. फुटलेल्या डांबरावर मका पसरलेला होता, कडेकडेने जावे लागले. वळणाच्या पोटात, ओढ्याशी, पाच-सहा बायका शाली गुंडाळून पिकअपची वाट पाहत होत्या. त्यांच्यात ती होती. मी उतरलो. बायका जरा बाजूला झाल्या, मास्तरांना काही बोलायचे आहे हे त्यांना कळले असावे.

मी सांगितले. जितके इथे लिहिले आहे त्याहून थोडक्यात, पण सगळे. दगड, वळणे, अन्वरभाईंचे मीटर, माझी उलटी दिशा. पावसाच्या तोंडाशी मी घरात होतो, हेही. ती ऐकत होती आणि पायाने मक्याची कणसे रस्त्याच्या आत सारत होती. तिच्या हातांत तेच मोजे होते, बोटांच्या जागी भोके पाडलेले. आता ती भोके कामाची होती.

‘‘घरात होते ते ठाऊक हाय,’’ ती म्हणाली. ‘‘सायकल ओट्यावरच होती तुमची.’’

पाय थांबवून तिने विचारले, ‘‘मंग त्या दिवशीची माझी येळ खरी होती?’’

‘‘ती एकच खरी होती,’’ मी म्हणालो. ‘‘आणि सगळ्यांत जोरात होती.’’

तिने मान हलवली. मला वाटले, ती रागावेल; मी त्यासाठी तयार होऊन आलो होतो, आणि खरे सांगायचे तर मला ते हवे होते. ती रागावली नाही. मी म्हणालो की पुढच्या वर्षी अर्जाच्या वेळी मी स्वतः घरी येईन. ती म्हणाली, ‘‘बघू सर. बाबांचा दमा वाढलाय, जिनिंग सुटलं त्यांचं. धाकटी दहावीला हाय.’’ तिने ते तक्रार म्हणून सांगितले नाही. तापमान, वारा, वेळ, शेरा, तसे सांगितले. अर्ज मी भरीन आणि ती जाणार नाही, हे आम्हा दोघांनाही त्याच वेळी कळले.

मी वही सोबत नेली होती. ‘बिघडली’ खोडून मी तिथे नवे काही लिहिले आहे, ते तिला दाखवावे असा विचार होता. वही पिशवीतून काढली तोच पिकअपचा हॉर्न वाजला. बायका घाईने वर चढल्या. ती शेवटी चढली, फाळक्याला धरून उभी राहिली, आणि गाडी सुटताना माझ्याकडे नव्हे, खाली माझ्या सायकलकडे पाहून म्हणाली, ‘‘सर, मागच्या चाकात हवा कमी हाय.’’

गाडी मोरीवरून सरळ रस्त्याला लागली आणि धुक्यात गेली. मी वाकून चाक अंगठ्याने दाबले. तिचे बरोबर होते.